एक नंबरचा बिल्ला

त्या अळंब्या पाण्यात बुडवू नकोस, बाई. लगदा होईल. ओलं फडकं घे आणि एकेक पुसून काढ. हं, अशी. देठाची माती सुरीच्या टोकाने खरवडायची आणि टोपी उलटी करून आत वास घ्यायचा. मातीसारखा आला तर ठेवायची, दवाखान्यासारखा आला तर सरळ फेकायची. पाहुण्यांना सांगत बसायचं नाही. त्यांना वाटतं, आपण वेचलेली टोपलीच्या टोपली आपल्याच ताटात आली. वाटू दे. बाहेरच्या पाटीवर 'जे वेचाल ते खाल' असं ज्याने लिहिलं, त्याला खायची अळंबी कुठली आणि मारणारी कुठली ते मरेपर्यंत कळलं नाही.

दिवा जरा इकडे सरकव. धुकं उतरलं की वीज जाते, ते इथलं रोजचंच. साडेसहाच वाजलेत, जेवण आठला. पाहुणे पुढच्या खोलीत शेकत बसलेत, डोंगर चढून पायांचे तुकडे पडलेत त्यांचे, हलायचे नाहीत. आपल्याला वेळ आहे.

उद्यापासून हे स्वयंपाकघर तुझं. माशाला धूर कसा द्यायचा ते दाखवलं, पावाची भट्टी दाखवली, डाव्या शेगडीची खोड सांगितली. आता दोनच गोष्टी राहिल्या. दारामागची ती फळी, आणि बाहेर पडवीत टांगलेली घंटा.

फळीला बारा खुंट्या आहेत बघ. बारा खुंट्यांवर पत्र्याचे बारा बिल्ले, प्रत्येकावर आकडा ठोकलेला. सकाळी डोंगरावर जो जाईल त्याने एक बिल्ला काढून खिशात टाकायचा आणि परत आला की स्वतःच्या हाताने त्याच खुंटीवर लावायचा. दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, नवऱ्याने बायकोचा लावायचा नाही. एक नंबर वाटाड्याचा. फळी भरली, की मग स्वयंपाकघराने घंटा वाजवायची. त्याआधी सूप करपलं तरी चालेल.

तो तेरावा खिळा ना? आलं लक्षात तुझ्या. आत्ता नको बघूस तिकडे. सांगते.

घंटा झाली की पाहुणे हात धुऊन टेबलावर बसतात. आणि घंटा झाली की माळीबुवा मागच्या भिंतीतलं फाटक ओढून घेतो आणि कुलूप घालतो, रानडुकरं बागेत शिरतात म्हणून. म्हणजे काय? घंटा झाली याचा अर्थ, वर कुणी उरलेलं नाही. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला शोधायला जायचं नाही. एवढा मोठा अर्थ आहे त्या घंटेला, आणि दोरी बघ केवढीशी.

हा सगळा नियम माझ्या भावाचा.

माझा धाकटा भाऊ इथे वाटाड्या होता. पंधरा वर्षं. लोकांना वाटतं वाटाड्या पुढे चालतो. तो शेवटी चालायचा. म्हणायचा, "ताई, पुढचा हरवत नाही गं, हरवतो तो मागचाच." अंगात बारा महिने तो लोकरीचा जाड कोट, धुक्यात भिजून भिजून त्याला ओल्या मेंढीसारखा वास यायचा. मी त्याला दारातच कोट काढायला लावायची. "स्वयंपाकघर आहे हे, गोठा नाही," म्हणायची. तो मुद्दाम तसाच आत येऊन पातेल्यात डोकावायचा. बटाट्याची फोड पळवायचा. चाळिशी आली तरी खोड जाईना.

आणि गळ्यात शिट्टी. उतरताना शेवटच्या वळणावर आला की एक लांब शिट्टी द्यायचा. म्हणजे, सगळे सोबत आहेत, ताटं मांड. आणि दोन तुटक शिट्ट्या म्हणजे कुणीतरी मागे राहिलंय. पंधरा वर्षांत ती दोनची शिट्टी मी चार वेळा ऐकली असेन, आणि चारही वेळा तो त्या माणसाला पाठुंगळी मारून घेऊन आला.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. कुठल्याशा मासिकातली एक बाई येणार होती, गेस्ट हाऊसवर लिहायला. मालक आठ दिवस हवेत होते. जमिनीला पाय नाहीत. पडदे धुतले, पाटी रंगवली, मला म्हणाले, "बाई, सूप असं करा की तिने वाडगा चाटला पाहिजे." मी म्हटलं, वाडगा चाटायची सोय तुमच्याकडे आहे, माझं सूप मी करते. हसले. तेव्हा हसायचे माझ्या बोलण्याला.

त्या सकाळी मालक स्वतः वर गेले, त्या बाईच्या बरोबर, सगळ्यांच्या पुढे. माझा भाऊ नेहमीसारखा शेवटी. मधे सातजण पाहुणे. अकराला धुकं आलं. आजच्यासारखंच, खिडकीबाहेर कुणी चादर धरावी तसं. मी कांदा लोण्यात टाकला होता. साडेबाराला पावलं वाजली, हसणं-बोलणं, बूट आपटणं. एकेक बिल्ला खुंटीवर लागत होता, टिण् टिण्. माझी पाठ होती, पातेलं उतू जात होतं. मालक मागे येऊन म्हणाले, "सगळे आले, बाई. वाजवा."

मी म्हटलं, "लांब शिट्टी ऐकली नाही मी."

"धुक्यात ऐकू येतंय कुठे? फळी बघा की."

मी वळून बघितलं. बाराच्या बारा. एक नंबरसुद्धा. आणि मी घंटा वाजवली.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. कड्याखाली एक कपार आहे, तिथे. एका म्हाताऱ्या पाहुण्याची काठी मागे राहिली ती आणायला तो वळला आणि पाय घसरला. पाय मोडला होता, बाकी काही नाही. पायाने कुणी मरतं का गं? थंडीने मेला. त्या कपारीतून आपलं धुराडं दिसतं, बाई. धुकं विरळ झालं की स्पष्ट दिसतं. दिवसभर आणि रात्रभर त्याने या चुलीचा धूर बघितला. शिट्टी त्याच्या दातांत होती. वाजवून वाजवून आतली गोळी निघून पडली होती, ओठ फाटले होते. ती दातांतून निघेना. शेवटी तशीच गेली त्याच्याबरोबर.

आणि मुठीत त्याचा बिल्ला. एक नंबर. दोऱ्याला लाल लोकर, माझ्या हातची गाठ. सुती दोरे कुजतात म्हणून मीच ओवून दिली होती.

मी इथे परत येऊन फळी बघितली. तिथेही एक नंबर. कोरा करकरीत, सुती दोऱ्याचा.

मालकांच्या कचेरीत बिल्ल्यांचा दुसरा जोड असतो, हरवलेच तर म्हणून. ते त्यांना माहीत, मला माहीत. मी तडक कचेरीत गेले. म्हटलं, "हा तुम्ही लावलात. त्या मासिकातल्या बाईचं जेवण लांबू नये म्हणून."

ते कागद चाळत होते. म्हणाले, "बाई, तुमच्या मनावर परिणाम झालाय. कुणीतरी चुकून लावला असेल."

"कुणीतरी?"

"आणि खरं सांगू का, तो प्यायला होता. मला वास आला होता सकाळी."

माझा भाऊ! ज्याला खोकल्याचं औषध दोन चमचे घेतलं की झोप यायची! पण चौकशीच्या साहेबांसमोरही मालक तेच बोलले, इतक्या साळसूदपणे की साहेबांनी चहा घेतला आणि कागदावर लिहून टाकलं. वाटाड्या नशेत होता, पाहुण्यांना सोडून भटकला. माझ्या भावजयीला बाजारात लोक तोंडावर म्हणायला लागले, बरं झालं पाहुण्यांना नाही घेऊन मेला. तिने घराबाहेर पडणं सोडलं.

मी नोकरी का नाही सोडली, असं विचारशील. सगळ्यांनी विचारलं. मला त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. 'बिल्ला मी लावला.' एवढंच. चारचौघांत, मोठ्याने. त्यासाठी मी वर्षभर त्याला जेवायला घातलं. अळंबीचा विचार मनात आला नाही असं नाही. रोज यायचा. हातात घ्यायची, वास घ्यायची आणि फेकून द्यायची. कारण तो असा मेला असता तर खोटं जिवंत राहिलं असतं. मला तो बोलायला हवा होता.

आणि मी एकटीच वाट बघत नव्हते.

पंधरा दिवस डोंगर बंद होता. मग नवा वाटाड्या आला, पाहुणे परत वर जायला लागले. पहिल्याच दिवशी फळी भरली. मी एकेक बिल्ला बोटाने मोजला, एकेक तोंड बघितलं आणि घंटा वाजवली. दोरी सोडली. आवाज डोंगरावर जाऊन परत आला... आणि त्याच्या मागोमाग वरून दोन तुटक शिट्ट्या आल्या.

नुसता वारा. फाटका, थरथरता. गोळी नसलेली शिट्टी अशीच वाजते, फुंकून बघ कधी.

पाहुण्यांनी मान वर केली नाही. माळीबुवा कुलूप घालत होता, त्यालाही नाही. पण जेवणघराच्या दारात मालक उभे होते, आणि त्यांच्या हातातल्या पेल्यातलं पाणी त्यांच्याच बुटांवर सांडत होतं. आमची नजरानजर झाली. तेवढ्याने कळलं मला. म्हटलं, बरंय. आता आपण दोघं-तिघं आहोत.

मग रोज. घंटा झाली की दोन तुटक. कुणीतरी मागे राहिलंय, कुणीतरी मागे राहिलंय. मालक जेवताना रेडिओ लावायला लागले. मग खिडक्या बंद. मग दुपारी गाडी घेऊन बाहेरच जायला लागले, काहीतरी काम काढून. एकदा मला म्हणाले, "बाई, घंटा बंद केली तर? हाक मारली तरी येतील की लोक."

मी म्हटलं, "नियम आहे, मालक. कुणी मागे राहू नये म्हणून."

नवा वाटाड्या महिन्याभरात गेला. त्याचं म्हणणं, मी सगळ्यात मागे चालतो तरी माझ्या मागे कुणीतरी चालतं. दुसरा आला, तो आठ दिवसांत गेला. त्याने कारणच सांगितलं नाही, नुसतं नाक मुरडून म्हणाला, "तुमच्या डोंगरावर मेंढ्या आहेत का हो? ओल्या लोकरीचा वास येतो सारखा." इथे शंभर वर्षांत मेंढरू फिरकलेलं नाही.

असं वर्ष सरत आलं. आठ पाहुण्यांचा एक मोठा गट ठरला होता, आणि वाटाड्या कुणी मिळेना. मालकांना स्वतः जावं लागलं. सकाळी फळीसमोर बराच वेळ उभे होते. मग एक नंबर काढला. तो सुती दोऱ्याचा, त्यांनीच लावलेला. गळ्यात नवी पोलादी शिट्टी, चकचकीत. मी मागे न वळता म्हटलं, "सांभाळून जा. धुकं येईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"गुडघे दुखतायत."

अकराला आलंच. मी कांदा लोण्यात टाकला. त्या दिवशी जेवणात काय होतं ते आजही सांगेन. अळंबीचं सूप, धुरावलेला मासा, भाजलेले बटाटे. साडेबाराला पावलं वाजली. पाहुणे आले, एक, दोन, करत आठ. गाल लाल, टोपल्या भरलेल्या. बिल्ले लावायला लागले, टिण् टिण्. मी दारात येऊन बघत राहिले. नववा माणूस आला नाही.

"मालक कुठे राहिले?" मी विचारलं.

त्यातली एक मुलगी म्हणाली, "मागे राहिलेत थोडे. कुणीतरी वर शिट्टी वाजवत होतं, तर ते बघायला गेले. पण आम्हाला तुमच्या दुसऱ्या माणसाने व्यवस्थित आणलं खाली."

"कुठला दुसरा माणूस?"

"तो हो, शेवटी चालणारा. लोकरीच्या कोटातला. बोलला नाही काही, नुसतं हाताने दाखवत होता, इकडून, तिकडून. फाटकापर्यंत होता आमच्याबरोबर."

माझ्या हातातला डाव कुठे पडला ते मला आठवत नाही. मी फळीकडे वळले. मुलगी म्हणाली, "हे बघा, सगळे लागले." आणि खरंच लागले होते, बाई. बाराच्या बारा. एक नंबर खुंटीवर होता. ओला. त्यातून पाणी ठिबकत होतं आणि दोरा लाल लोकरीचा होता.

भावाच्या मुठीतला तो बिल्ला माझ्या ट्रंकेत असायचा. तळाशी, डबीत, कुलपात. किल्ली माझ्या कमरेला. नंतर मी डबी उघडून बघितली. रिकामी होती आणि आतून दमट.

तेवढ्यात वरून शिट्टी आली. दोन तुटक. ही फाटकी नव्हती. खणखणीत, पोलादी. परत दोन. परत दोन. घाई घाईने, श्वास पुरत नसल्यासारखी.

एक पाहुणा हात पुसता पुसता थांबला. "काय वाजतंय ते?"

मी म्हटलं, "पक्षी आहे. इथलाच. तुम्ही बसा, सूप गरम आहे."

सगळे आत गेले. मी पडवीत आले. समोर काही दिसत नव्हतं, फक्त फाटकाशी माळीबुवाची सावली. एका हाताने कडी धरून उभा. आणि मग धुक्यातून आवाज आला. धुक्यात आवाज कसा येतो, माहीतेय ना? लांबचा माणूस कानाशी बोलतो.

"बाई...! बाई, घंटा नको...! मी आहे वर...!"

मी दोरी धरली.

"मी आहे अजून वर...! बाई, ऐकताय ना...? बिल्ला मी लावला होता...! त्याचा बिल्ला मीच लावला होता, तो प्यायला नव्हता... बाई, तो इथे आहे... तो माझ्याकडे बघतोय..."

आलं ते वाक्य. वर्षभर ज्याच्यासाठी मी त्याची उष्टी काढली, ते वाक्य आलं. मोठ्याने, साक्षीदारासमोर. मला वाटायचं, ते ऐकलं की मी रडेन, जमिनीवर बसेन, काळीज हलकं होईल. काही झालं नाही. नुसतं वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी?

माळीबुवा कुजबुजला, "ताई... ऐकलंत?"

"ऐकलं."

"जाऊ का मी वर...?"

जा म्हटलं असतं तर वीस मिनिटांत पोचला असता. त्याला तो डोंगर पाठ आहे. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, बाई, तुझी शपथ. आणि माझ्या अगदी शेजारून, या खांबापाशी, ओल्या लोकरीचा वास आला. आणि शिट्टी वाजली. फाटकी, गोळी नसलेली. एक. लांब.

सगळे सोबत आहेत. ताटं मांड.

माझ्या भावाने जिवंतपणी एकही शिट्टी खोटी वाजवली नव्हती. ती पहिली. मला कळत होतं ती खोटी आहे ते. त्यालाही माहीत होतं मला कळतंय ते.

मी म्हटलं, "माळीबुवा, फळी भरलेली आहे." आणि घंटा वाजवली.

त्याने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि फाटक ओढून कुलूप घातलं. मी आत जाऊन सूप वाढलं. दुसऱ्यांदा सूप वाढेपर्यंत वरची ओरड ऐकू येत होती. मासा वाढला तेव्हा थांबली होती.

सकाळी सापडले. त्याच कपारीत. अंगावर ओरखडा नाही, हाड मोडलेलं नाही, उठून चालत आले असते. धुराड्याकडे तोंड करून बसले होते. मुठीत सुती दोऱ्याचा एक नंबर. माळीबुवाने त्यांचं बोलणं जसंच्या तसं चौकशीच्या साहेबांना सांगितलं, गावाला सांगितलं. फक्त घंटा आधी की ओरड आधी, एवढं तेवढं उलटं सांगितलं. माझ्या भावजयीने दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन स्वतःच्या हाताने भाजी आणली. माझ्या भावाच्या नावावरचा डाग गेला. आणि रोजच्या दोन तुटक शिट्ट्या बंद झाल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? मलाही तसंच वाटलं.

तू मघापासून माझ्याकडे 'बिचारी' म्हणून बघतेयस. बघू नकोस. एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितली नाहीये. भावजयीलाही नाही. त्या पहिल्या दिवशी, घंटा वाजवून मी जेवणघरात सूप वाढत होते. ती मासिकातली बाई म्हणाली, "काय हात आहे हो तुमचा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तेव्हा वरून शिट्टी आली. दोन तुटक. कुणीतरी विचारलं, ते काय? मालक म्हणाले, पक्षी आहे. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

भावाची शिट्टी मला कळणार नाही? पोटातल्या पोटात कळली. पण फळी भरलेली दिसली होती. सूप गार होत होतं. आणि माझं कौतुक चाललं होतं... मी मान हलवली. म्हटलं, हो. पक्षीच आहे.

मग परत वाजली. मी दुसरा वाडगा भरला.

म्हणजे बघ. बिल्ला मालकांनी लावला. घंटा कुणी वाजवली? दोन्ही वेळा?

आता त्या खिळ्याचं. गेल्या महिन्यात मी सकाळी दार उघडलं तर बाराव्या खुंटीच्या पुढे एक खिळा होता. कुणी ठोकला म्हणून सगळ्यांना विचारलं, माळीबुवा शपथा घेतो. खिळ्यावर बिल्ला. कोरा पत्रा, आकडा नाही. लाल लोकरीचा दोरा आणि त्याला गाठ... माझ्या हातची. मी ती गाठ मारलेली नाही, बाई. माझ्याकडे ती लोकर उरलेलीच नाही. मी तो उचलून चुलीत टाकला. दुसऱ्या दिवशी परत होता. रोज पुसते, रोज ओला.

मी या डोंगरावर आयुष्यात चढलेली नाही. स्वयंपाकघराला बिल्ला नसतो. आता आहे.

म्हणून तुला बोलावून घेतलं. नव्या मालकांना म्हटलं, गुडघे गेले, बदली द्या. उद्या सकाळी तो बिल्ला मी खिशात टाकणार आणि पाहुण्यांच्या मागून वर जाणार. सगळ्यात शेवटी. त्याला भेटणार. म्हणणार, ऐकलं होतं रे मी. मग तो काय करायचं ते करो, माझा धाकटा आहे, त्याचा हक्क आहे. आणि सोडलंच त्याने, तर दुपारी याच दाराने येईन.

तुझं काम एकच. नीट ऐक. दुपारी फळी भरलेली दिसली तरी घंटेला हात लावायचा नाहीस. तेराव्या खिळ्यावर बिल्ला दिसला तरी नाही. आधी त्याला बोट लावून बघ. ओला असेल तर मी लावलेला नाही. माझं तोंड बघ, माझ्याशी दोन शब्द बोल, मग वाजव. आणि वरून शिट्टी आली, कुणी विचारलं काय आहे, तर पक्षी म्हणू नकोस. काहीही म्हण, पक्षी म्हणू नकोस...

अशी काय बघतेयस? मागे काय आहे?

...

अगं, बिल्ला कुठे गेला? आत्ता होता ना खिळ्यावर? आपण बोलायला बसलो तेव्हा होता, तूच विचारलंस. तू काढलास का? खरं सांग, रागावणार नाही. नाही...? मीही नाही काढला. हे बघ, माझे दोन्ही हात अळंबीत आहेत.

म्हणजे मी निघालेय. म्हणजे मला वर गेलेली धरलंय...

दिवा खाली ठेव. पाहुण्यांना हाक मारू नकोस. पडवीत कोण आहे...? घंटेची दोरी धर, बाई, घट्ट धर, वाजू देऊ नकोस. आणि गप्प बस जरा.

ऐक.